शिरूर-दौंडमध्ये गाड्यांची फोटोग्राफी : कार बाजारवाल्याशी पहिल्यांदा बोलायचं कसं?



गाड्यांच्या फोटोग्राफीवरच्या व्हिडिओत बराचसा वेळ कॅमेरा, लेन्स आणि उजेड यावरच गेला. खरं अडतं ते पुढे. चांगले फोटो काढणारी पोरं मला भरपूर भेटतात. पण कार बाजाराच्या गेटसमोर बाइक लावून, दहा मिनिटं मोबाइल बघत बसून, आत न जाता परत फिरणारीही तीच असतात. म्हणून आजचा धडा एवढ्यापुरताच: आत जाऊन बोलायचं काय, कोणाशी, कधी, आणि कशाच्या जोरावर.

उदाहरणाला शिरूर आणि दौंड हे दोन तालुके घेतलेत, कारण "पुण्यात चालेल हो हे, आमच्याकडे कोण पैसे देणार?" हा प्रश्न अशाच गावांतून येतो. एक तालुका पुणे-नगर रस्त्यावर, दुसरा पुणे-सोलापूर रस्त्यावर. मधे भीमा नदी, आणि जोडायला न्हावरे-चौफुला रस्ता. दोन्हीकडे एमआयडीसी, दोन्हीकडे ऊस. गाड्या घेणारे आणि विकणारे इथे कमी नाहीत. तुम्ही बारामतीचे असा नाहीतर श्रीगोंद्याचे, हिशोब फारसा बदलत नाही.

कुठे वेळ घालवू नका

रांजणगावला टाटा आणि फियाटच्या भागीदारीतला कारखाना आहे. नेक्सॉन तिथे बनते, जीप कंपास तिथे बनते. साहजिकच वाटतं, आपल्याच तालुक्यात गाडी बनते तर आपल्याला काम का मिळू नये? मिळणार नाही, निदान आत्ता तरी. कंपनीच्या जाहिरातीचे फोटो मोठ्या एजन्सीमार्फत होतात आणि कारखान्याच्या गेटवर कॅमेरा घेऊन उभं राहिलात तर सिक्युरिटीवाला हाकलून देईल. मोठ्या ब्रँडच्या नव्या गाडीच्या शोरूमलाही गाडीचे फोटो कंपनीकडूनच येतात. तिथे तुमच्यासाठी एकच जागा आहे, डिलिव्हरीची. त्याकडे शेवटी येतो.

तुमचं गिऱ्हाईक कोण? पहिला कार बाजारवाला, म्हणजे जुन्या गाड्या विकणारा. दुसरा वॉशिंग आणि डिटेलिंग सेंटरवाला, ज्याला 'आधी' आणि 'नंतर' दाखवायचं असतं. तिसरा डेंटिंग-पेंटिंगवाला. चौथा कार डेकोर, म्हणजे सीट कव्हर, अलॉय, म्युझिक सिस्टिमवाला. पाचवा, ज्याला सगळे विसरतात, तो जुन्या ट्रॅक्टरचा व्यापारी. इन्स्टाग्रामवर ट्रॅक्टरला फॉर्च्युनरएवढे लाइक मिळत नसतील, पण इथल्या शेतकऱ्याच्या खिशातला पैसा ट्रॅक्टरकडे आधी जातो. फोटोग्राफर म्हणून तुम्हाला थार आवडते, ठीक आहे. धंदा कशावर चालेल ते वेगळं बघा.

यातला कार बाजारवाला सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याच्याकडे माल सतत बदलतो. डिटेलिंगवाल्याला महिन्यातून एकदा फोटो लागतील, याला आठवड्याला लागतात. म्हणून पुढचं सगळं त्याला धरून सांगतो. तो समजला की बाकीचे समजतील.

त्याचा हिशोब आधी समजून घ्या

कार बाजारवाल्याला फोटोशी देणंघेणं नसतं. त्याला गाडी विकायची असते, आणि लवकर विकायची असते. लवकर का, ते आकड्यात बघू.

समजा, त्याने एक स्विफ्ट ४ लाखाला घेतली. पैसे स्वतःचे असोत की कोणाकडून घेतलेले, त्यावर महिना दीड टक्का धरला तर ६,००० रुपये महिन्याचे झाले. म्हणजे ती गाडी लॉटवर नुसती उभी राहिली तरी दिवसाला २०० रुपये खाते. वर ऊन, धूळ, बॅटरी उतरणं, टायर बसणं वेगळं. अशा पंधरा गाड्या उभ्या असतील तर दिवसाचे ३,००० रुपये. त्यात तो जीएसटी नोंदणीकृत डीलर असेल, तर २०२५ च्या जानेवारीपासून जुन्या गाडीच्या मार्जिनवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. आधी छोट्या गाड्यांना १२ होता. म्हणजे छोट्या गाडीत सुटणारे पैसे आणखी कमी झाले.

आता त्याचा दिवस बघा. फेसबुक नाहीतर ओएलएक्सवर चार फोटो टाकलेले असतात. ते दुपारी बारा वाजता, उन्हात, गाडीला गाडी चिकटवून काढलेले. मग फोन सुरू. "आतले फोटो पाठवा." "टायर कसे आहेत?" "मागून ठोकलेली आहे का?" प्रत्येकाला तो पुन्हा व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवतो. करमाळ्याहून, जामखेडहून एखादा गिऱ्हाईक येतो, दरवाज्यावरचा ओरखडा बघतो आणि म्हणतो, "हे फोटोत दिसत नव्हतं." झालं. त्याचा दिवस गेला, याचाही गेला.

तेव्हा तुम्ही त्याला 'सुंदर फोटो' विकायला गेलात तर तो हसेल. त्याचे फालतू फोन कमी होतील आणि येणारा माणूस तयारीचा येईल, असे फोटो घेऊन गेलात तर ऐकून घेईल. दहा दिवस आधी गाडी गेली तर वरच्या हिशोबाने त्याचे २,००० वाचतात. तुम्ही त्यातले ३५० मागताय. मात्र "दहा दिवसांत विकली जाईल" असा शब्द देऊ नका. गाडीची किंमतच चुकीची असेल तर कोणताही फोटो ती विकू शकत नाही, आणि मग खापर तुमच्यावर.

जायच्या आधीची आठवडाभराची तयारी

पोर्टफोलिओ म्हणून मित्राच्या काळ्या स्कॉर्पिओचा धुरातला फोटो दाखवू नका. डीलरला तो बघून काहीच कळत नाही. घरातली, शेजाऱ्याची, मावसभावाची अशी तीन साध्या गाड्या घ्या. एक पांढरी, एक गडद रंगाची, एक जुनी. प्रत्येकीचा विकायला लावल्यासारखा पूर्ण संच काढा. माझ्या मते अठरा ते बावीस फोटो पुरेत. बाहेरून आठ बाजू. आतून डॅशबोर्ड, पुढच्या सीट, मागच्या सीट, छत, डिकी. इग्निशन चालू करून किलोमीटरचा आकडा. इंजिन. चारही टायरची नक्षी आणि स्टेपनी. आणि शेवटी, जिथे जिथे ओरखडा किंवा डेंट आहे त्याचा जवळून फोटो, शेजारी रुपयाचं नाणं धरून, म्हणजे आकार कळतो.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात तेही घ्या. २३२१ असं असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. जाणता गिऱ्हाईक हे बघतोच, आणि डीलरला ते तुमच्या फोटोत दिसलं की त्याला कळतं, या पोराला गाडीतलं समजतं.

काढण्याबद्दल मोजकंच. आपल्याकडे धूळ फार, त्यामुळे दोन मायक्रोफायबरचे फडके आणि पाण्याची स्प्रे बाटली कॅमेऱ्याइतकीच गरजेची. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीला आणा, उभ्याने वरून काढू नका. जवळ जाऊन वाइडने काढलं की बोनेट फुगलेलं दिसतं; चार पावलं मागे या आणि झूम करा. गडद कपडे घाला, नाहीतर तुमचा पिवळा टी-शर्ट दरवाज्यात दिसेल. काचेवरची चमक मारायला सीपीएल फिल्टर लागतो, तो घ्या. शेडमध्ये ट्यूबलाइटखाली काढताना फोटोत पट्टे आले तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून हेच आकडे. उजेड सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. एमआयडीसीत पाळीत काम करणाऱ्यांना हे बरं जमतं. पहिली पाळी असेल तर संध्याकाळ मोकळी, दुसरी असेल तर सकाळ.

कॅमेरा हप्त्यावर घ्यायचा का? आत्ता नाही. चांगला मोबाइल असेल तर पहिले दोन महिने त्यावर काढा. डीलरचा गिऱ्हाईक ते फोटो मोबाइलवरच बघणार आहे. महिन्याला पाच हजाराचा हप्ता डोक्यावर घेऊन दारात गेलात की आवाजात गरज येते, आणि समोरचा माणूस जन्मभर घासाघीस करत आलाय, त्याला ती लगेच ऐकू येते.

कधी जायचं, कोणाला भेटायचं

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका. भवानी झालेली नसते आणि तुम्ही पैसे मागायला आलेले. आठवडे बाजाराच्या दिवशी आणि रविवारी गिऱ्हाईक असतं, तेव्हाही नको. मधल्या वारी, साडेअकरा ते एकच्या दरम्यान, मालक जरा निवांत असतो. दुपारी तीनला गेलात तर चहाच्या वेळेला पोहोचाल, तेही वाईट नाही.

आत शिरल्यावर पहिला भेटतो तो गाड्या पुसणारा पोऱ्या. त्याच्याकडे दुर्लक्ष करून सरळ केबिनकडे जाणारे खूप पाहिलेत. चाव्या त्याच्याकडे असतात. कोणत्या गाडीची बॅटरी उतरलीय, कोणती गाडी काल आली, कोणती तीन महिने पडून आहे, हे त्याला मालकापेक्षा जास्त माहीत असतं. आणि आत्ताचे फोटो बहुधा त्यानेच काढलेले असतात! म्हणून मालकासमोर "हे फोटो फार खराब आहेत" असं म्हटलंत तर एक शत्रू तयार झाला. त्याचं नाव विचारा. पुढे काम मिळालं तर गाड्या बाहेर काढून देणारा, उन्हातून सावलीत लावून देणारा तोच आहे.

मालकाला काय म्हणायचं? इथे तुम्ही आणि ते एकमेकांना कुठेतरी ओळखत असणार, निदान गावावरून तरी. वयाने मोठे असतील तर काका, अण्णा; तिशी-चाळिशीतले असतील तर दादा. 'सर' म्हणू नका, बँकेतून आल्यासारखं वाटतं. बोलणं साधारण असं:

"नमस्कार दादा. मी न्हावऱ्याचा. तुमची ती पांढरी अर्टिगा फेसबुकवर बघितली. तिचे आतले फोटो नाहीत टाकलेले. त्यासाठी दिवसाला किती फोन येतात हो?"

आणि गप्प बसा. हा प्रश्न विचारून गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे, पण सगळं त्यावरच आहे. तो सांगेल, "अरे डोकं उठतं. फोटो पाठवा, फोटो पाठवा, आणि येत कोणी नाही." आता त्याने स्वतःच्या तोंडाने अडचण सांगितली. मग तुम्ही मोबाइलवर एका गाडीचा पूर्ण संच दाखवा. एकाच गाडीचा, सगळे नाही.

"असा एक संच मी प्रत्येक गाडीचा करून देतो. फोन आला की एक लिंक पाठवायची. कोणत्याही दोन गाड्या द्या, आज संध्याकाळी काढतो, रात्री पाठवतो. त्याचे पैसे नकोत. फक्त पंधरा दिवस त्या दोन गाड्यांना किती फोन आले आणि किती जण बघायला आले, एवढं लिहून ठेवा."

इथे काही जण मला म्हणतात, फुकट का द्यायचं? माझं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदा फुकट द्या, पण उधारीवर कधी देऊ नका. फुकट काम दोन गाड्यांवर संपतं. उधारी संपत नाही. "पुढच्या महिन्यात एकदम देतो" म्हणणाऱ्याकडे तुम्ही सहा महिने चकरा मारता आणि शेवटी बोलणंच बंद होतं. तिसऱ्या गाडीपासून रोख, नाहीतर दर शनिवारी यूपीआय. तुमचं नाव टाकतो, शेअर करतो, हा मोबदला नव्हे. त्याच्या पेजवर तुमचं नाव बघून दुसरा डीलर फोन करेल अशी आशा धरू नका. तो दुसरा डीलर त्याचा प्रतिस्पर्धी आहे.

दोन गाड्या निवडताना एक सांभाळा. मालक तुम्हाला हमखास पडून राहिलेली गाडी देईल. "ही विकून दाखव." तशी एक घ्या, पण दुसरी ताजी, चालणाऱ्या मॉडेलची मागून घ्या. नाहीतर तुमची परीक्षा नापास व्हायच्या बेतानेच घेतलेली असते.

"बघू" म्हणजे काय

आपल्या माणसांना तोंडावर नाही म्हणता येत नाही. त्यामुळे शब्दांचे अर्थ लावायला शिका. "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नाही. "कार्ड ठेवून जा" म्हणजे नाही, पण माणूस सभ्य आहे. "आत्ता सीझन नाही" हे खरंही असू शकतं, त्याला सीझन कधी ते विचारा. "किती घेणार?" हे पहिल्या दोन मिनिटांत आलं तर तो तुम्हाला घालवायला बघतोय, संच बघून झाल्यावर आलं तर काम आहे. आणि "ते सगळं मुलगा बघतो" ही टाळाटाळ वाटते, पण बऱ्याचदा ती सगळ्यात चांगली बातमी असते. पेज मुलगाच चालवतो, त्याला तुमची भाषा समजते. त्याचा नंबर घ्या आणि त्याच दिवशी फोन करा.

नाही आलं की वाद घालू नका. "ठीक आहे दादा, दसऱ्याच्या आधी एकदा येऊन जातो" एवढं बोलून निघा, आणि खरंच जा. दहा ठिकाणी फिरायची तयारी ठेवा. शिरूर एका दिवशी, दौंड दुसऱ्या दिवशी. दोन्ही एका दिवसात करायला गेलात तर पेट्रोलही जातं आणि तिसऱ्या दुकानात चेहरा उतरलेला असतो. दौंडच्या बाजूला पाटस, कुरकुंभ, चौफुला, केडगाव, यवत हा सोलापूर रस्त्याचा पट्टा स्वतंत्र धरा. शिरूरच्या बाजूला रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी. दौंड हे रेल्वेचं जंक्शन, तिथे राज्य राखीव पोलीस दलाचे गटही आहेत. बदली होणारी, निवृत्त होणारी नोकरदार माणसं म्हणजे गाडी विकणारेही आले. अशा एका गाडीच्या मालकाला थेट संच करून देणं हेही काम आहे. फक्त कॅमेरा घेऊन रेल्वेच्या किंवा पोलिसांच्या आवारात शिरू नका, आणि तिथे ड्रोन तर बाहेरच काढू नका.

फोटोतून डेंट काढ, असं सांगितलं तर

सांगणार. पहिल्या महिन्यात नाही सांगितलं तर दुसऱ्या महिन्यात सांगणार. "तो मागचा डेंट तेवढा घालव की रे, तुला काय एका मिनिटाचं काम." आणि ते खरंच एका मिनिटाचं काम आहे, आता तर मोबाइलवरही होतं. त्यात तो तुमचा एकमेव पैसे देणारा गिऱ्हाईक असेल, घरी सांगितलेलं असेल की काम मिळालंय. इथे पाय घसरतो.

माझी रेघ अशी आहे. जे गाडीवर नाही ते काढायला हरकत नाही: धूळ, मागून जाणारा माणूस, जमिनीवरचा कागद, काचेतलं तुमचं प्रतिबिंब. जे गाडीवर आहे त्याला हात लावायचा नाही. रंगाचा फरक, डेंट, गंज, फाटलेलं सीट. किलोमीटरचा आकडा तर अजिबात नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहे. पण कायद्यापेक्षा मोठी भीती गावाची आहे. जो माणूस फोटो बघून कर्जतहून आला आणि फसला, तो पुढच्या लग्नात तुमच्या मामाच्या पंगतीला बसलेला असतो.

मालकाला मात्र नीतीचा धडा देऊ नका, त्याला त्याच्या फायद्याचं सांगा. "दादा, डेंट लपवला तर बघायला दहा येतील आणि दहाही भाव पाडतील. दाखवला तर चार येतील, पण ते डेंट धरूनच भाव करून आलेले असतील." मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या साइटवर बघा, ओरखड्यांचे फोटो वेगळे दाखवलेले दिसतात. त्यांनी हे काही साधुसंत म्हणून केलेलं नाही. एवढं सांगूनही तो अडून बसला तर डेंट असलेली बाजू सोडून बाकीचे फोटो द्या, पण तसं त्याला स्पष्ट सांगून. आणि दुसरा डीलर शोधायला लागा.

कागद, दर आणि गाडी बाहेर नेणं

काम सुरू झाल्यावर पहिली हौस येते ती गाडी नदीकाठी नेऊन फोटो काढण्याची. घोड नदीच्या पुलाजवळ, नाहीतर मोराची चिंचोलीच्या रस्त्याला. थांबा. गाडी अजून कोणाच्या नावावर आहे, विमा चालू आहे का, हे तुम्हाला माहीत नसतं. नोंदणीकृत जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरसाठी एप्रिल २०२३ पासून वेगळे नियम आहेत, त्यात गाडी कशासाठी बाहेर नेली याची नोंद ठेवावी लागते. म्हणून विक्रीचे फोटो लॉटवरच काढा. साध्या भिंतीसमोर एक जागा कायमची ठरवा, तिथली जमीन झाडून घ्या, आणि प्रत्येक गाडी त्याच जागी त्याच कोनातून घ्या. पंधरा दिवसांत त्याचं पेज वेगळं दिसायला लागेल. हायवेच्या कडेला गाडी उभी करून तर कधीच काढू नका; नगर रस्त्यावर काय वेगाने कंटेनर जातात ते तुम्हाला मी सांगायला नको.

नंबर प्लेट झाकायची की नाही, हे मालकाला विचारा. फोटोंच्या हक्काचं आधी लिहून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे स्वतःच्या पेजवर तेच फोटो टाकायलाही तुम्हाला त्याची परवानगी लागू शकते. व्हॉट्सॲपवर एक ओळ पुरेशी: "हे फोटो मी माझ्या कामाचा नमुना म्हणून वापरेन, चालेल ना?" त्याचं "हो" आलं की ते जपून ठेवा. उद्यम नोंदणी मोफत आहे, सरकारी पोर्टलवर स्वतः करता येते. कोणी त्याचे हजार रुपये मागत असेल तर देऊ नका. सेवा देणाऱ्याला वर्षाच्या २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, तेव्हा ती चिंता आत्ता सोडा.

दराचा अंदाज घ्या, पण हा माझा हिशोब आहे, तुमच्या गावचा वेगळा निघेल. दोन डीलर, मिळून महिन्याला २५ गाड्या, गाडीला ३५० रुपये, म्हणजे ८,७५०. एका डिटेलिंग सेंटरचं महिन्याचं ३,००० चं काम. डिलिव्हरीच्या सहा रील ७०० प्रमाणे ४,२००. बेरीज १५,९५०. त्यातून पेट्रोल, नेट, फडकी, स्टोरेज यांचे तीन-चार हजार वजा करा. उरले बारा हजारांच्या आसपास, आणि तेही पाच-सहा महिने टिकून राहिलात तर. म्हणून हातात नोकरी असेल तर सोडू नका. घरच्यांनाही हाच आकडा सांगा, इन्स्टाग्रामवरचा नको.

दर कमी करायला सांगतील तेव्हा दर तोच ठेवून काम कमी करा. २०० च द्यायचे असतील तर बारा फोटो, त्यात इंजिन आणि टायर नाहीत. आठवड्याभरात तो स्वतःच म्हणेल, टायरचे पण घे रे.

आता डिलिव्हरीचं. नव्या गाडीची चावी हातात घेताना कुटुंबाचा फोटो, हार, पेढे, आजीने चाकाखाली ठेवलेलं लिंबू, हे सगळं शोरूमच्या पेजला आणि त्या कुटुंबालाही हवं असतं. नवी गाडी बरेच जण आधी रांजणगावच्या महागणपतीला नेतात, दौंडकडचे सिद्धटेकला. शोरूमच्या मालकाला न भेटता सेल्स मॅनेजरला भेटा, कारण पेजवर काय टाकायचं याची काळजी त्याला असते. कुटुंबाला विचारल्याशिवाय चेहरे टाकायचे नाहीत, विशेषतः बायकांचे आणि लहान मुलांचे. आणि फोटो त्याच संध्याकाळी त्यांच्या हातात पडले पाहिजेत. तिसऱ्या दिवशी पाठवलेला डिलिव्हरीचा फोटो कोणी स्टेटसला ठेवत नाही.

या कामाला ठरलेले दिवस आहेत: गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, तुमच्याशी बोलायला तर कोणीच नसतं. पितृपक्षाच्या पंधरवड्यात मात्र नवी गाडी फारसं कोणी घेत नाही. शोरूम रिकामं, मॅनेजर खुर्चीत बसून दसऱ्याच्या बुकिंगची यादी करतोय. तुमचा संच घेऊन त्याच आठवड्यात जा, आणि दसऱ्याच्या दिवसाचा आगाऊ अर्धा पैसा घेऊनच या.